दाराच्या जागी समुद्र

माझा नवरा नकाशे काढतो. घरांचे, गोदामांचे, एकदा तर एका पोहण्याच्या तलावाचाही. कागदावर त्याच्या हातून केसभर चूक होत नाही, आणि हे तो स्वतःच सगळ्यांना सांगत असल्यामुळे मला वेगळं कौतुक करावं लागत नाही. अशा माणसाने घरात खाऱ्या पाण्याची सात फुटी टाकी बसवली आणि ती बसवताना स्वतःच्या वडिलांना पलीकडच्या खोलीत बंद करून टाकलं. सात आठवडे. हे ऐकलं की लोक आधी हसतात आणि मग हळूच पोलिसांचा विषय काढतात, म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते.

माझे सासरे, म्हणजे बाबा, वजनमापं तपासणारे निरीक्षक होते. चौतीस वर्षं त्यांनी दुकानदारांचे तराजू उलटेपालटे करून बघितले. निवृत्त झाल्यावर दुकानं सुटली, पण तपासणी काही सुटली नाही. मागच्या वर्षी नवऱ्याने मोठ्या हौसेने बाहेरच्या खोलीत पुस्तकांसाठी फळी ठोकली. पाहुणे बसले होते, चहा चालू होता, आणि बाबांनी काही न बोलता खिशातून एक काचेची गोटी काढून फळीवर ठेवली. गोटी घरंगळत टोकापर्यंत गेली आणि पाहुण्यांच्या कपात पडली.

"दोन मिलिमीटर," बाबा म्हणाले.

"जन्मभर माझी मापंच काढलीत तुम्ही," नवरा म्हणाला. पाहुण्यांनी चहातली गोटी चमच्याने काढून बशीत ठेवली आणि दोघांचं बोलणं त्या दिवसापासून बंद झालं.

आठ महिने बंद. एकाच टेबलावर जेवायचे आणि मधे मला बसवायचे. "त्याला सांग, नळ गळतोय." "त्यांना सांग, मला ऐकू आलंय." मी एका दाताच्या डॉक्टरकडे स्वागतकक्षात बसते. दिवसभर तोंड न उघडणाऱ्या लोकांशी माझी गाठ असते, पण तिथे निदान त्याचा पगार मिळतो.

मग एके सकाळी बाबांनी जाहीर केलं की पुढच्या एक तारखेला ते मुलीकडे राहायला जाणार. कायमचे. माझी नणंद पाच तासांवरच्या गावी शाळेची मुख्याध्यापिका आहे, तळमजल्यावर ऐसपैस घर आहे, बाबांच्या गुडघ्यांना तेच बरं, असं ती कित्येक वर्षं म्हणत होती. नवरा पेपर वाचत होता. त्याने पान उलटलं, एवढंच. मी मात्र हातातला चहाचा कप तसाच खाली ठेवला. ते जायला नको होते मला. संध्याकाळी मी घरी आले की "आज किती दात?" असं विचारणारं त्या घरात दुसरं कोणी नव्हतं.

त्याच आठवड्यात नवऱ्याने टाकीचा नकाशा टेबलावर पसरला. लहानपणापासूनची इच्छा म्हणे. सात फूट लांब, तीन फूट रुंद, अडीच फूट उंच, समुद्राचं पाणी, त्यात खडक, त्यात मासे. बाप घर सोडून चाललाय आणि याला मासे सुचतायत, हे बघून माझं डोकंच फिरलं. मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. म्हणजे त्या दोन दिवसांत आमच्या घरात त्याच्याशी कोणीच बोलत नव्हतं.

टाकीचं वजन भरल्यावर दीड टन. वरच्या मजल्यावर एक इंजिनियर राहतात, त्यांनी येऊन फरशीवर पाय आपटून पाहिले आणि सांगितलं की एवढं वजन फक्त खालच्या तुळईवरच पेलेल. तुळई जाते बाहेरची खोली आणि बाबांची खोली यांच्या मधल्या भिंतीखालून. म्हणजे टाकी भिंतीतच बसवायची. त्या भिंतीत बाबांचं दार होतं. नवरा म्हणाला, उत्तम, दार आहेच, तेच मोठं करू. सात फुटांचं भगदाड पाडलं, तिथे पडदा लावला, आणि बाबांसाठी स्वयंपाकघराच्या बाजूने नवीन दार काढायचं ठरलं.

"जाणाऱ्या माणसाला नवीन दार कशाला?" मी विचारलं.

"नकाशात खोलीला दार लागतंच," तो म्हणाला.

क्रम अगदी पक्का होता. सोमवारी गवंडी येऊन नवीन दार फोडणार, मंगळवारी काचवाला येऊन टाकी जोडणार. सात फुटी टाकी जिन्यातून वर येत नाही, म्हणून काचेचे पाच तुकडे आणून जागेवरच चिकटवायचे. आता यात माझी चूक कुठे झाली तेही सांगून टाकते, नाहीतर नवरा सांगेल. गवंड्याची अक्कलदाढ ठणकत होती. त्याने आमच्याच दवाखान्यात फोन केला आणि मीच त्याला वेळ दिली. सोमवारची. दाढ काढल्यावर डॉक्टरांनी त्याला दोन दिवस घरी झोपायला सांगितलं. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडलं, मीच त्याच्या हातात कापूस दिला, आणि आमच्या दाराचं मात्र माझ्या ध्यानीमनीही आलं नाही.

मंगळवारी काचवाला ठरल्या वेळी आला. नवरा त्याच्यावर देखरेख करायला सुट्टी काढून घरी होता. मी सहाला परत आले तेव्हा काचवाला हात धूत होता आणि भगदाडात टाकी उभी होती. खाली अडीच फुटांचा लोखंडी सांगाडा, वर अडीच फूट काच, आजूबाजूला बोटभरही फट नाही. सुंदर दिसत होती, हे मी कबूल करते. काचेतून पलीकडची खोली स्वच्छ दिसत होती. खोलीत पलंग होता. पलंगावर बाबा बसले होते आणि माझ्याकडे बघत होते.

"आज किती दात?" त्यांनी विचारलं.

"बाबा आत आहेत," मी नवऱ्याला म्हणाले.

"हो," तो म्हणाला. "मला वाटलं, फिरायला गेलेत."

काचवाल्याने शपथेवर सांगितलं की त्याला पलंगावर फक्त गुंडाळलेलं पांघरूण दिसलं होतं. बाबा म्हणाले, दुपारी जरा जास्तच गाढ झोप लागली. मी म्हटलं, ठीक आहे, एक काच काढा. काचवाला माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मी त्याच्या पोटच्या पोराचा हात काढायला सांगतेय. सिलिकॉन ओलं होतं. आता बोट जरी लागलं तरी जोड कायमचा गेला. दहा दिवस टाकीला हात लावायचा नाही, भिंतीवर हातोडा तर अजिबात मारायचा नाही, हादऱ्याने जोड उकलतो.

"आणि ते?" मी बाबांकडे बोट दाखवलं.

"ते आतून टेकले नाहीत म्हणजे झालं," काचवाला म्हणाला आणि काचेवर एक कागद चिकटवून गेला: टकटक करू नये.

बाबांचे गुडघे असे की टाकीवरून चढून येणं शक्य नाही. खालून यावं तर सांगाड्याच्या आडव्या पट्ट्या. खिडकी तिसऱ्या मजल्याची. अग्निशमन दलाला बोलावते म्हटलं तर बाबाच म्हणाले, "कशाला त्यांना त्रास? न्हाणीघर आत आहे, रेडिओ आहे, पुस्तकं आहेत. दहा दिवसांचा तर प्रश्न." टाकीच्या वर भगदाडाच्या वरच्या कडेपर्यंत दोन फूट मोकळी जागा होती. तिथून जेवण द्यायचं ठरलं. म्हणजे मी स्टुलावर चढायचं, ताट लांब दांड्याच्या फावड्यावर ठेवायचं आणि बेकरीवाला भट्टीत पाव सरकवतो तसं पलीकडे सरकवायचं. पातळ काही द्यायचं असलं की मला घाम फुटायचा.

दहा दिवस संपले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी एक तारीख होती. गवंडी सुजलेला गाल घेऊन हातोड्यासकट हजर झाला. नवरा त्याला दारातच म्हणाला की आधी टाकीत साधं पाणी भरून आठवडाभर गळती बघावी लागेल, त्याआधी हादरा नको. गवंड्याने काचेतून बाबांना विचारलं, "तुमचं काय म्हणणं?"

"पाण्याची परीक्षा व्हायलाच हवी," बाबा भिंतीकडे बघत म्हणाले. "त्याला सांग."

नणंदेचा फोन आला. मी सांगितलं, दाराचं काम चालू आहे, आठवडा लागेल. यात खोटं काहीच नव्हतं.

आठवडा झाला. टाकी एक थेंब गळली नाही. मग मिठाची पोती आली. घरातलं मीठ नव्हे, समुद्राचं, त्यात शंभर तऱ्हेचे क्षार. पिंपात पाणी, पाण्यात मीठ, त्यात पंप, आणि बाहेरच्या खोलीतल्या चपलांवर, उशांवर, माझ्या भुवयांवर पांढरा थर. हजार भाग पाण्यात पस्तीस भाग मीठ हवं. नवऱ्याने नवं कोरं मापक आणलं होतं, दुर्बिणीसारखं डोळ्याला लावायचं. टाकी भरली, त्याने थेंब घातला, डोळा लावला आणि मला म्हणाला, "पस्तीस. त्यांना सांग."

पलीकडे बाबांनी कपाट उघडलं, मखमली डबीतून काचेची जुनी तरंगती नळी काढली, टाचा उंच करून ती पाण्यात सोडली आणि चष्मा कपाळावर घेऊन बराच वेळ बघत राहिले.

"सदतीस," ते म्हणाले.

"पस्तीस," नवरा म्हणाला.

"सदतीस. डोळे तपासून घे."

"तुमची नळी माझ्या जन्माआधीची आहे."

"म्हणूनच ती खोटं बोलायला शिकलेली नाही."

मी स्टुलावर उभी होते. हातात फावडं होतं, फावड्यावर ताट होतं, आणि कोणीच "त्याला सांग, त्यांना सांग" म्हणत नव्हतं. दोघं थेट एकमेकांशी भांडत होते, पाण्यावरून, मोठमोठ्याने. चार दिवस भांडले. मी आयुष्यात एवढं गोड भांडण ऐकलं नाही. पाचव्या दिवशी नवऱ्याला कळलं की नवं मापक आधी शून्यावर आणायचं असतं आणि ते त्याने केलंच नव्हतं. त्याने गुपचूप दोन पिंपं गोडं पाणी ओतलं. बाबांनी नळी सोडली.

"आता बरोबर," ते म्हणाले. नवऱ्याने मान खाली घातली, पण त्याचे कान लाल झालेले मला दिसले.

आता तरी मासे, असं मला वाटलं. तर काचवाल्याने फोनवर सांगितलं की टाकी मुरावी लागते. खडकांवर डोळ्यांना न दिसणारे जिवाणू धरायला हवेत, तीन आठवडे तरी लागतील, तोवर मासे सोडले तर मरतील. नवऱ्याने लगेच विचारलं, मग या काळात भिंत फोडली तर जिवाणूंना त्रास होईल ना?

"जिवाणू काय दचकतात का?" काचवाला म्हणाला. फोन मोठ्या आवाजावर होता, आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

"होण्याची शक्यता आहे म्हणतोय," नवऱ्याने आम्हाला सांगितलं. बाबांनी मान डोलावली. शक्यता नाकारता येत नाही, म्हणाले.

गवंडी बिचारा रोज सकाळी यायचा. त्याचा हातोडा आमच्याच चपलांच्या कपाटात असायचा. एक दिवस नवरा म्हणायचा, पाणी आजच गढूळ झालंय. दुसऱ्या दिवशी बाबा म्हणायचे, आज कानात दडे बसलेत, आवाज सोसणार नाही. आणि एक दिवस दोघंही काही बोलले नाहीत. गवंडी भिंतीवरची पेन्सिलीची रेघ बोटाने चाचपत उभा राहिला, तेव्हा मीच म्हणाले, "मिस्त्री, दाढेची जखम पूर्ण भरल्याशिवाय जोराचं काम करू नका. डॉक्टरांनी सांगितलंय." डॉक्टरांनी असं काही सांगितलं नव्हतं. त्याचे दाढेचे टाके केव्हाच विरघळले होते. भिंत फुटली की बाबा जाणार, एवढाच हिशोब माझ्या डोक्यात होता, आणि माझी मलाच लाज वाटली. माणूस कोंडलेला असताना मी चहा देऊन दार परत पाठवत होते.

टाकी बघायला इमारतीतले लोक येऊ लागले. पाण्यात नुसते खडक. दोन मिनिटांत कंटाळून लोक पलीकडे बघू लागायचे. पाण्यामुळे बाबा होते त्यापेक्षा मोठे आणि जवळ दिसायचे. दाढी करताना, पुस्तकाचं पान उलटताना, मोज्यात पाय घालताना. शेजारीणबाई तर दुपारच्या खुर्ची घेऊनच यायच्या.

"खातात काय?" त्यांनी मला एकदा विचारलं.

"मासे अजून यायचेत," मी म्हणाले.

"नाही, हेच," त्या म्हणाल्या.

सातव्या आठवड्यात दोन गोष्टी एकाच रविवारी आल्या. काचवाल्याने पाणी तपासून टाकी मुरली असं सांगितलं आणि प्लास्टिकच्या पिशवीत दोन मासे आणून दिले, करंगळीएवढे, नारिंगी. आणि अकरा वाजता, कुणाला न कळवता, माझी नणंद आली.

तिने पर्स खाली ठेवली. टाकीकडे बघितलं. पाण्यापलीकडे बाबा गंजीफ्रॉकवर बसून पेन्सिलीला टोक करत होते. त्यांनी तिला हात केला.

"माझ्या बाबांना तुम्ही मासे पाळतात तिथे ठेवलंय," ती म्हणाली. तिचा आवाज शाळेच्या मैदानावर शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो, आमच्या खोलीत तर पाणीही शहारलं. नवरा काहीतरी जिवाणूंचं बोलू लागला, तिने हात वर करून त्याला गप्प केलं. गवंडी नेहमीप्रमाणे चहा पीत स्वयंपाकघरात बसला होता. तिने त्याच्या हातातला कप काढून घेतला आणि हातोडा दिला.

नवऱ्याला जागचं हलता येत नव्हतं. बाजारातले मासे एकदम नव्या पाण्यात सोडायचे नसतात. काठाला बादली टांगायची, त्यात मासे त्यांच्या जुन्या पाण्यासकट ठेवायचे आणि बारीक नळीने टाकीतलं पाणी त्यात थेंब थेंब सोडायचं, मिनिटाला साठ, तासभर. थेंब वाढले तर मासे धक्क्याने जातात. तो स्टुलावर उभा राहून नळीची गाठ धरून होता आणि मागून हातोड्याचे घाव ऐकत होता. प्रत्येक घावाला त्याचे खांदे उडत होते. चाळीस मिनिटांत भिंतीला दार झालं. सात आठवडे जे जमत नव्हतं ते चाळीस मिनिटांत. गवंडी म्हणाला, विटा कच्च्याच होत्या.

नणंद धुळीतून आत गेली. तिने कपाट उघडलं, कपडे बॅगेत भरले, बाबांना सदरा घातला. मी दारात उभी होते, हातात फडकं घेऊन. बाबांनी बॅग उचलली. दोन पावलं टाकली. मग थांबले आणि टाकीकडे वळले.

"थेंब जास्त पडतायत," ते म्हणाले.

"बाबा, गाडी खाली उभी आहे," नणंद म्हणाली.

"जास्त पडतायत."

नवऱ्याने वर बघितलं. दोघांच्या मधे तीन फूट पाणी होतं.

"जाऊ नका," तो म्हणाला.

बाबांनी बॅग एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"त्या मंगळवारी मी झोपलो नव्हतो," बाबा म्हणाले. "काचवाला आला तेव्हापासून जागा होतो. सगळं बघत पडलो होतो."

"मला माहीत होतं," नवरा म्हणाला. "तिसरी काच लावताना तुम्ही पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलंत. मी बघितलं."

"मग त्याला थांबवलं का नाहीस?"

"थांबवलं असतं तर तुम्ही गेला असतात."

मी फडकं जमिनीवर टाकलं. "आणि मी?" मी म्हणाले. "सात आठवडे मी फावड्याने जेवण सरकवतेय. माझा खांदा कामातून गेलाय. मला वाटत होतं, माझ्या एका अपॉइंटमेंटमुळे हे झालं." कोणी माझ्याकडे बघितलंही नाही. मी रडायला लागले होते, आणि रागाने की कशाने ते मला ठरवता येत नव्हतं. नणंद एकदा भावाकडे, एकदा बापाकडे बघत राहिली. मग ती पलंगाच्या कडेवर बसली आणि गाडीच्या किल्ल्या तिने मांडीवर ठेवल्या.

बाबांनी बॅग खाली ठेवली. काचेजवळ आले, घड्याळ मनगटावरून काढून डोळ्यांसमोर धरलं.

"गाठ आवळ," ते म्हणाले. "मिनिटाला साठ पाहिजेत. मोज."

नवऱ्याने गाठ आवळली आणि मोजायला लागला. मोठ्याने, शाळेतल्यासारखं. एकोणतीसपर्यंत नीट गेला. तिसाला त्याचा आवाज फुटला आणि मधले थेंब निसटले.

"चुकलास," बाबा म्हणाले. "पुन्हा पहिल्यापासून."

त्याने बाहीने नाक पुसलं आणि पुन्हा एकपासून सुरुवात केली. या वेळी पलीकडून बाबाही त्याच्याबरोबर मोजत होते.